लिंबरग्याचं नाव विकायला निघालो

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी रजा टाकून नांदेड-लातूरला जाऊन आलो, हे ऐकून पुण्यातल्या आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ म्हणाले, "या दिवसांत? तिकडं तर शिक्षा म्हणून बदली करतात हो!" ते कधी त्या बाजूला गेलेले नाहीत. त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी एवढ्या उन्हात का हिंडलो हे कळणार नाही. माझी नोकरी साधी आहे. एका कंपनीत लोकांच्या बंद पडलेल्या वेबसाइट सुरू करून देतो. जोडधंदा म्हणून इंटरनेटवरची नावं घेतो आणि विकतो. प्रत्येक वेबसाइटला पत्ता लागतो आणि तो पत्ता म्हणजे एक नाव. ज्यानं आधी नोंदवलं त्याचं. डॉट कॉम म्हणजे जुना गावभाग, तिथं बोळकांडीसुद्धा शिल्लक नाही. पण मग गावाबाहेर नवे लेआउट पडावेत तशा एकदम शेकडो नव्या शेपट्या आल्या. डॉट गुरू, डॉट क्लब, डॉट अकॅडमी, आपल्या लिपीत डॉट भारत. पहिल्या वर्षी किरकोळ भावात मिळायच्या. दुसऱ्या वर्षी खरा भाव कळायचा, पण तोवर माणूस गुंतलेला असायचा.

मीही गुंतलो. माझा एक सिद्धांत होता. लातूर-नांदेडला क्लासची लाट आहे. प्रत्येक सर खेड्यातून आलेले. नाव कमावलं की माणसाला गाव आठवतं, म्हणजे आज ना उद्या प्रत्येक सर आपल्या गावाच्या नावानं अकॅडमी काढणारच. म्हणून लातूरच्या एसटी स्टँडवरच्या पाट्या आठवून आठवून मी डझनभर गावांची नावं डॉट अकॅडमीच्या शेपटीसह घेऊन ठेवली. वर्ष संपत आलं तरी कुणाला गाव आठवेना.

आणि मग एक ओळीची मेल आली. "लिंबरगा डॉट अकॅडमी अजून विकायचं आहे का? सुनंदा, बायोलॉजी, लातूर." फोनवर बोललो. किंमत सांगितली. बाईंनी घासाघीस केली नाही, एवढंच म्हणाल्या, "पैशाचं जमेल. पण आधी तुम्ही इकडं या. एक अडचण आहे, ती फोनवर सांगण्यासारखी नाही."

तोवर माझं एकही नाव विकलं गेलं नव्हतं. मी लगेच तिकीट काढलं.

नांदेड

थेट लातूरला जाता आलं असतं. पण आलोच आहोत तर नांदेडच्या एक-दोन सरांना बाकीची नावं दाखवू, असा विचार केला. शिवाय नांदेडला जब्बार आहे. अहमदपूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. आता त्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे.

स्टेशनवर त्यानं मला पाहिलं आणि चारचौघांत ओरडला, "बाल्या! किती वाळलास बे! पुण्यात जेवायला देत न्हाईत का?"

मग मोटारसायकलवर बसवून आधी तहारी खायला नेलं. पुण्यात सकाळी सकाळी मटणाचा मसालेभात खातो म्हटलं तर लोक डॉक्टरचा नंबर देतात. इथं दुकान उघडायच्या आधी ताटं वाजत होती. भात पिवळा, सोबत चिंचेचा आंबट खट्टा आणि कांदा. वाढणाऱ्यानं मला न विचारता दुसऱ्यांदा वाढलं. जब्बार म्हणाला, "पोट भरून बोलावं. उपाशी माणसाचा माल कुणी घेत न्हाई."

त्याच्या दुकानात छतापासून फरशीपर्यंत पोरांचे चेहरे होते. बारावीचा निकाल नुकताच लागला होता. प्रत्येक क्लासला आपल्या गुणवंतांचा फलक हवा होता. "लोकायची ईद वर्षातून दोनदा," जब्बार म्हणाला, "माझी निकालाच्या दिवशी." मी नीट पाहिलं तर चष्मा लावलेला एकच मुलगा दोन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर हसत होता.

"हा दोन्हीकडं कसा?"

"सकाळी फिजिक्सला इकडं, सांजच्याला तिकडं. दोघंबी खरं बोलून राहिलेत. मला काय, मी दोनदा छापतो."

दुपारी त्यानंच मला त्याच्या गिऱ्हाइकाकडं नेलं. केमिस्ट्रीचे मोठे सर. तिसऱ्या मजल्यावर क्लास आणि जिन्यात चपलांचा असा ढीग की आपली सापडणार नाही याची खात्री. सरांनी पाणी दिलं, चहा सांगितला, माझं सगळं मन लावून ऐकलं. मी डॉट कॉमचा जुना गावभाग सांगितला, नवे लेआउट सांगितले, त्यांच्या गावाचं नाव डॉट अकॅडमीसह माझ्याकडं आहे हेही सांगितलं.

"पत्ता कशाला लागतो हो मला?" सर शांतपणे म्हणाले. "रेल्वे स्टेशनला उतरा, रिक्षात बसा आणि नुसतं 'केमिस्ट्री' म्हणा. रिक्षावाला दारात आणून सोडतो."

"सर, पण बाहेरगावची पोरं मोबाइलवर शोधतात."

"शोधू द्या. तुमच्याकडं डॉट डॉक्टर आहे का?"

"ती शेपटी अजून बाजारात आलेली नाही, सर."

"आली की या. पालक अकॅडमीला पैसे देत नाहीत, डॉक्टरला देतात. गुरू तर मी आहेच, त्याला डॉट कशाला?"

जिना उतरताना जब्बार इतका हसत होता की त्याला कठडा धरावा लागला. मला मात्र सर आवडले. माझ्या वर्षभराच्या सिद्धांताचा निकाल त्यांनी एका चहात लावला आणि चहाही चांगला होता.

"आता एकच गिऱ्हाईक राहिलं," मी म्हणालो.

"मंग त्या मॅडमकडं मीबी येतो. लातूरला नवा क्लास म्हंजे नवा फ्लेक्स. तुझं नाव विकलं की माझा फलक विकतो."

अहमदपूर

वाटेत घर होतं. घराला न भेटता पुढं जाणं आमच्यात बसत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं तापून पडली होती. एसटीच्या खिडकीतून आत येणारा वारा चुलीजवळ बसल्यासारखा होता.

आबांनी उभी हयात अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती वाहिली. त्या पाठीवर माझं कॉलेज झालं. आता काम सोडलं आहे, पण सकाळी मोंढ्यात जाऊन बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आईनं धपाटे केले होते, शेंगांची चटणी, वर आंब्याचा रस. जब्बारला ती अजून शाळेतलाच समजते. "खा रे, लाजू नको," म्हणत तिनं त्याच्या ताटात धपाट्यांची चळत रचली.

"काय कामानं निघालास?" आबांनी विचारलं.

"नाव विकायला, आबा."

"कुणाचं?"

"गावाचं. लिंबरगा."

आबांचा घास हातातच राहिला. "किल्लारीकडलं? भूकंपातलं?"

"हो."

"ते गाव तुझ्याकडं कसं आलं?"

मी समजावून सांगितलं. इंटरनेटवर ते नाव कुणी घेतलेलं नव्हतं, रिकामं होतं, म्हणून मी नोंदवलं. आबांनी ऐकून घेतलं. मग जब्बारकडं वळले. "जब्बार, तुझ्या दुकानाचं नाव उद्या कुणी असंच घेतलं तर?"

"चाचा, मी त्याला बोर्ड छापून देतो आणि पैसे घेतो."

आई पदर तोंडाला लावून हसली. आबाही हसले, पण त्यांचं मन तिथं नव्हतं. त्र्याण्णवच्या त्या पहाटे मी दुसरी-तिसरीत असेन. आमच्याकडं फक्त भांडी वाजली, पण पुढं कितीतरी दिवस सगळी गल्ली अंगणात झोपायची आणि आम्हा पोरांना त्याची मजाच वाटायची. त्या दिवसांत आबा घरी नव्हते, एवढं मला आठवतं. कुठं होते ते मी कधी विचारलं नव्हतं.

"मी गेलतो तिथं," आबा म्हणाले. "मोंढ्यातल्या आम्ही हमालांनी घराघरातून भाकरी गोळा केल्या, ट्रक भरला. लिंबरग्याला उतरवल्या." एवढंच बोलून ते रस ओरपू लागले. निघताना दारापर्यंत आले. "बालाजी, पोतं उचलायच्या आधी कुणाचं हाय ते बघावं लागतं. इकायचं तर इक. पण त्या मान्सांच्या तोंडाकडं बघून इक."

एसटीत जब्बारनं दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "चाचानं तर भाव पाडला बे तुझा."

लातूर

लातूर पाहिलं नसेल त्यानं निकालाच्या दिवसांत पाहावं. क्लासच्या भागात शिरलो की घरं कमी आणि पाट्या जास्त. मेस, वसतिगृह, झेरॉक्स, पुन्हा मेस. बाप डोक्यावर गादीची वळकटी घेऊन पुढं, आई हातात लोणच्याची बरणी घेऊन मागं आणि त्यांच्यामध्ये पाठीवर दप्तर अडकवलेलं लेकरू. पाण्याच्या टँकरमागं घागरींची रांग आणि त्या रांगेतसुद्धा एक मुलगी पुस्तक वाचत उभी. पुण्याला शिक्षणाचं माहेरघर म्हणतात. इथं मात्र शिक्षण सासरी आल्यासारखं राबतं.

सुनंदा मॅडमनी एका इमारतीचा दुसरा मजला भाड्यानं घेतला होता. बाक येऊन पडले होते, फळा भिंतीला टेकवून ठेवला होता. बाई माझ्याहून चार-दोन वर्षांनी मोठ्या. भराभर बोलायच्या आणि दर दोन वाक्यांनी "समजलं का?" विचारायच्या.

"मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवली. पोरं म्हणायची, सरांच्या क्लासला जातो. मी शिकवते आणि क्लास सरांचा. आता माझा स्वतःचा काढते. दहावीचा निकाल येत्या आठवड्यात आहे, त्याच्या आत चौकात फलक लागला पाहिजे. नंतर लावून उपयोग नाही, पोरं गेलेली असतात. समजलं का?"

"हाव," जब्बार विद्यार्थ्यासारखा म्हणाला.

"सगळे सांगतात, व्हिजन नाव ठेवा, सक्सेस ठेवा. मला गावाचं ठेवायचंय. मी लिंबरग्याची. आई-वडील तिथंच गेले. मला आत्यानं वाढवलं, पत्र्याच्या शाळेत घातलं. पालक म्हणतील भूकंपाचं नाव कशाला. त्यांना मी बघून घेईन. अडचण आत्याची आहे."

"त्यांचा विरोध आहे?"

"विचारलंच नाही अजून. आमच्या घरात नाव आत्या ठेवते. पोराचं असो, दुकानाचं असो, म्हशीचं असो. तिनं ठेवलं नाही तर ते नाव आम्ही लावत नाही. आणि आमच्या आत्यानं भूकंपापासून गावाचं नाव तोंडातून काढलेलं नाही. 'खालचं गाव' म्हणते, नाहीतर नुसतं 'तिकडं'. सगळं गावच नव्या वस्तीला 'पुनर्वसन' म्हणतं, पण आत्याचं वेगळं आहे. त्या नावावरून कुणी हाक मारली तरी उठून जाते." त्यांनी टेकवलेला फळा सरळ केला. "तिच्याजवळ नुसतं नाव घेऊन गेले तर ती हुसकून लावेल. म्हटलं, ज्याच्याकडं आहे त्यालाच घेऊन जावं. तेवढा तरी पाहुण्याचा मान ठेवेल."

"आणि नको म्हणाल्या तर?"

"तर तुम्ही पुण्याला जा, मी व्हिजन लावते. समजलं का?"

समजलं होतं. माझं एकुलतं एक गिऱ्हाईक एका म्हाताऱ्या आत्याच्या जिभेवर होतं. आणि बाई फळ्याकडं पाहत होत्या त्यावरून दिसत होतं की त्यांचं माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त त्या जिभेवर होतं.

लिंबरगा

सकाळच्या एसटीनं उतरलो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे गाव वाटतच नाही. सरळ रुंद रस्ते, रांगेत एकसारखी सिमेंटची घरं, दोन घरांमध्ये मैदानाएवढी मोकळी जागा. त्या जागेत लोकांनी आता कडुनिंब वाढवले आहेत, गोठे बांधले आहेत. गंमत म्हणजे बहुतेक घरांपुढं पत्र्याची एक खोली आहे आणि भूकंपाच्या धास्तीनं माणसं अजून तिथंच राहतात. पक्क्या घरात धान्य, कडबा आणि टीव्ही.

गंगाआत्याही पत्र्याखालीच होत्या. अंगणात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी गाय रवंथ करत होती. आत्या तिला म्हणत होत्या, "मास्तरीण, सरक तिकडं. पाव्हणे आलेत."

"गाईचं नाव मास्तरीण?" जब्बारनं मला हळूच विचारलं.

"माझ्यावरून ठेवलंय," मॅडम म्हणाल्या. "दोघी ऐकत नाहीत म्हणून."

आत्यांनी पाणी दिलं, आम्हाला नीट न्याहाळलं. "ह्ये कोण?"

"हे जब्बारभाई, पाट्या छापतात. आणि हे बालाजीराव, अहमदपूरचे. आत्या, ह्यांच्याकडं... आपल्या गावाचं नाव आहे."

आत्यांचा चेहरा पत्र्यासारखा तापला. मी प्लॉटची उपमा घेऊन पुढं सरसावलो, दोन वाक्यांतच अडकलो. जब्बारनं सोडवलं. "आत्या, मोबाइलात बी गावं असतेत. तिथं ह्या मॅडमला शाळा बांधायचीय. त्या जागेवरची पाटी ह्याच्याकडं हाय."

"ह्याला कुणी दिली?"

"कुणी नाही, आत्या," मी म्हणालो. "रिकामी होती."

"रिकामी?" आत्या उठल्या. "आमी सगळे मेलो हुतो का? आं? चार मान्सं राहिलो हुतो की! रिकामी म्हनं!"

मॅडमनी खाली पाहिलं. मला एकदम आबांचं बोलणं आठवलं आणि मी आत्यांच्या तोंडाकडं पाहिलं. राग होता, पण डोळे माझ्यावर नव्हते, रस्त्यापलीकडं, खालच्या अंगाला बाभळी दिसत होत्या तिकडं होते. जे होतं ते बोललो.

"माझे आबा मोंढ्यात हमाल होते. तेव्हा इथं भाकरीचा ट्रक घेऊन आले होते."

आत्या माझ्याकडं वळल्या. "अहमदपूरच्या भाकरी?"

"हो."

"लई कडक हुत्या," आत्या म्हणाल्या.

मग त्यांनी मॅडमकडं पाहिलं.

"दोन दिसाच्या असतील. पान्यात बुडवून खाल्ल्या. ह्या पोरीला भरवल्या. दात न्हवते का तुज्या गावात, एवढ्या कडक करायला?" आणि त्या खाली बसल्या. "थांब. जेवून बोलू. भाकरी कशी असती ती बघ एकदा."

भाकरी खरोखरच पापुद्रा सुटलेली होती. सोबत आंबट वरण, ठेचा आणि मास्तरणीचं ताक. जेवताना आत्या बोलत राहिल्या. तिकडं घराला घर लागून होतं. चुलीवरून हाक मारली की शेजारणीचं कालवण भिंतीवरून यायचं. इथं कालवण न्यायचं तर पायात चप्पल घालावी लागते. मी पुण्याच्या फ्लॅटचं सांगितलं, भिंतीला भिंत आहे पण कालवण येत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग भिंत कशाला ठिवता? पाडा की."

ताटं उचलल्यावर त्यांनी मॅडमला विचारलं, "काय शिकवनार तू तिथं?"

"माणसाचं शरीर, आत्या. हाडं, रक्त, काळीज कसं चालतं ते."

"पोरं डाक्टर व्हतील?"

"काही होतील."

"त्या दिशी डाक्टर दुपारी आले," आत्या म्हणाल्या. त्यांनी पदराला हात पुसले, उठल्या आणि शेजारच्या घराकडं तोंड करून मोठ्यानं हाक दिली, "अगं ए, याव गं दोगी-तिगी! बारसं हाय!"

बायका आल्या, चप्पल घालूनच आल्या. "कुणाचं गं? बाळ कुठाय?" आत्यांनी हळदीकुंकवाची कोयरी काढली, पाट मांडला आणि आम्हा तिघांकडं पाहिलं. पाटावर कुणी बसायचं हा प्रश्न होता. मॅडमनी मोबाइल पुढं केला.

"त्याला कान कुठाय?" आत्या म्हणाल्या. "नाव ह्याच्याकडं हाय म्हनता ना? मंग कान ह्याचाच. बस रं."

मी, पदवीधर माणूस, लिंबरग्याच्या अंगणात पाटावर मांडी घालून बसलो. माझ्या कपाळाला कुंकू लागलं. बायकांच्या पोटात हसू मावेना. जब्बार म्हणत होता, "रडू नको बाळा, रडू नको." आत्या वाकल्या. त्यांचं तोंड माझ्या कानाशी आलं. आणि काही झालं नाही. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मॅडमनी माझ्यासमोर डोळे मिटून घेतले होते.

मग नाव आलं. इतकं हळू की ते ऐकलं की नाही याची मलाच शंका आली. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा स्पष्ट. शेवटी, "कुर्र्र!"

रीतीप्रमाणे बायका आत्यांच्या पाठीवर बुक्क्यांनी तुटून पडल्या. "हळू गं, म्हातारीला मारता का!" आत्या ओरडत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या आणि बुक्के चालूच होते. मॅडमही उठून त्यात सामील झाल्या.

पाटावरून उठून मी जरा खाकरलो आणि म्हणालो की नोंदणीला लागलं तेवढंच द्या, बाकी नको. मॅडम लगेच भांडायला लागल्या. मी फुकट शिकवत नाही, तुम्ही फुकट देऊ नका, समजलं का? आत्यांनीच निवाडा केला. "त्याला लागलं तेवढं दे. वर त्याला जेवू घातलं. आता बारसं झालं तर आत्याला लुगडं कोन देतं?"

"बाळाचा बाप," बायका म्हणाल्या.

"नाव आतापस्तोर कुनाकडं हुतं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. जब्बारनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाल्या, पहिलं नाव विकलंस आणि लुगडं लागू झालं. लई जोरात चाललाय धंदा."

नाव मॅडमच्या खात्यात टाकायला मोबाइलला रेंज हवी होती आणि ती फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर मिळते. आम्ही जिना चढलो, जब्बारनं मोबाइल आभाळाकडं धरला. बराच वेळ ते चक्र फिरत राहिलं. मग मॅडमच्या मोबाइलवर मेल वाजली आणि लिंबरगा डॉट अकॅडमी माझं राहिलं नाही. बाई मेल पुन्हा पुन्हा वाचत होत्या. वर्गात भराभर बोलणारी बाई, पण "समजलं का" काही त्यांच्या तोंडून आलं नाही.

खाली आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन तयार होत्या. "लुगडं मी माज्या डोळ्यानं बगून घेनार. इरकली पायजे. तुमा मान्सांना कळत न्हाई."

म्हणून चौघंही लातूरच्या एसटीत बसलो. आत्या खिडकीशी, मॅडम त्यांना खेटून. जब्बार मागच्या सीटवरून फलकाचे रंग सुचवत होता. हिरवा घ्या, लांबून दिसतो. आत्या म्हणाल्या, लुगडंबी हिरवंच घेनार.

कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला. "कुठून बसलात, मावशी? पुनर्वसन का?"

मॅडमनी सवयीनं मान हलवायला सुरुवात केली होती. आत्यांनी मॅडमच्या हातावर हात ठेवला.

"लिंबरगा," त्या म्हणाल्या. पुढच्या सीटवरची दोन माणसं वळून बघू लागली इतक्या मोठ्यानं. "लिंबरगा ते लातूर. एक म्हातारी, तीन फुल."